पिवळ्यासाठी वाढवलेले केस

ज्या गिटारवाल्यासाठी मी पुढं दीड वर्ष डोक्याला कात्री लावू दिली नाही, त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, टेपमध्ये रीळ गुंतलंय.

नव्वदीची सुरुवात होती. बारामतीला कॉलेजात होतो आणि स्टँडच्या मागं एका खोलीत मी आणि कॉलेजातलाच एक पोरगा, असे आम्ही दोघं भाड्यानं राहायचो. मी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा, तो बारामती तालुक्यातल्या वडगाव निंबाळकरचा. एकत्र राहायला लागून आठच दिवस झाले होते. सकाळी तो टेप चालू करून आंघोळीला गेला. आधी ढोल वाजले, मग कुणीतरी ओरडलं, आणि मग किंचाळत वर चढत जाणारा एक आवाज सुरू झाला. आमच्या घरी भजनाच्या कॅसेटी होत्या. रीळ गुंतलं की त्यातले बुवा असेच वर वर चढत जायचे आणि मग कायमचे गप्प व्हायचे. दुसऱ्याची वस्तू आपल्या डोळ्यांदेखत बिघडतेय म्हणताना मी धावलो, चालू टेपचं झाकण उघडलं आणि कॅसेट ओढली.

रीळ गुंतलेलं नव्हतं. ते मी ओढल्यावर गुंतलं.

तो टॉवेल गुंडाळून आत आला तेव्हा मी खोलीच्या मधोमध उभा होतो. एका हातात कॅसेट, दुसऱ्या हातात चार हात तपकिरी फीत.

"काय केलंस रं?"

"गुंतलं व्हतं. वाचवलं."

"लेका, गिटार हाय ते."

तो रागावला नाही. तो कधीच रागावत नसे. न रागावणाऱ्या माणसापासून जपून राहावं, ही अक्कल मला फार उशिरा आली. त्यानं चुरगळलेला तुकडा कापला, सेलोटेप लावून फीत जोडली, पेन्सिलीनं गुंडाळली आणि परत लावली. आता त्या चढत्या आवाजाच्या ऐन मध्यावर एक उचकी लागत होती. त्यानं ती ऐकली आणि कॅसेट माझ्याकडं सरकवली. "ही तूच घे आता. मला दुसरी हाय."

अशा रीतीनं मी एका बँडचा कट्टर भक्त झालो. लोक विचार करून बाजू निवडत असतील. माझी बाजू मला नुकसानभरपाई म्हणून मिळाली.

माझा बँड हा, त्याचा आवडता दुसरा; त्या दोन्ही बँडांची नावं इथं देत नाही. आम्ही तेव्हाही घेत नसू, कारण घेता येत नव्हती. कॅसेटच्या वेष्टणावर नाव असायचं, पण त्याची अक्षरं तलवारी आणि विजा जोडून केल्यासारखी. ती वाचून होईपर्यंत गाणं संपायचं. सगळ्यांचे केस कमरेपर्यंत, फुगवलेले, अंगात चमचमत्या तंग तुमानी. माझ्या बँडच्या गिटारवाल्याचे केस पिवळे, म्हणून तो पिवळा. माझ्या मित्राच्या बँडचा गिटारवाला काळ्या केसांचा, म्हणून काळा. मित्राचा मामेभाऊ पुण्याला शिकत होता. तो कुठूनकुठून कॅसेटी भरून आणायचा आणि सुट्टीत ह्याला द्यायचा. काळ्याच्या ह्यानं ठेवल्या, पिवळ्याच्या आपोआप माझ्या झाल्या. वर्षभरात माझ्याकडं पाच कॅसेटी जमल्या.

आणि मग सुरू झाली तुलना. अभ्यासाची वही एक आणि तुलनेची शंभरपानी, अशी आमची विभागणी होती. वेग, गोडवा, केस आणि उभं राहण्याची ऐट, असे चार रकाने. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचं आणि एका दमात कोण किती वेळ वाजवतो ते मोजायचं. मार्क मात्र आपापल्या माणसाला आपणच द्यायचे. दोघंही शंभरपैकी अठ्ठ्याण्णव द्यायचो. दोन मार्क शुद्धलेखनाचे कापायचो.

"तुझा पिवळा म्हंजी पाटाचं पाणी," तो म्हणायचा. त्याच्या घरी ऊस आणि थोडी भाजी होती आणि त्या वर्षी भाजीला नवीन ठिबक बसवलं होतं. "सगळ्या रानात नुसतं पाणीच पाणी, आन् मुळाला थेंब न्हाय. माझा काळा बघ. जिथं पायजे तिथंच सोडतो."

"तुझा काळा थेंब सोडतो कारण त्याच्या टाकीतच पाणी न्हाय."

"बोटं बघितलीस का त्याची?"

"बोटं तू तरी कुठं बघितलीस? फोटूत तर केसच दिसत्यात."

स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर हे चालायचं. टपरीवाले काका सहा महिने ऐकत होते. एकदा आम्हीच त्यांना निवाड्याला बसवलं. टेप टपरीवर नेला आणि दोघांची एकेक फेरी ऐकवली. काका फडक्यानं हात पुसत म्हणाले, "दोघं बी सारखंच वरडत्यात की." त्या दिवशी मात्र आम्ही दोघं एक झालो आणि आठवडाभर दुसऱ्या टपरीवर चहा प्यालो.

निवाडा लागेना म्हणून मित्रानंच तोड काढली. दोघांनी केस वाढवायचे. जो आधी कापेल तो हरला. हरणाऱ्यानं टपरीवर सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचं की दुसऱ्याचा गिटारवाला मोठा, आणि आपल्या सगळ्या कॅसेटी देऊन टाकायच्या. मी हातावर हात मारला. माझ्यापाशी त्या वेळी जगात दोनच गोष्टी माझ्या म्हणाव्या अशा होत्या, त्या कॅसेटी आणि ती बाजू. दोन्ही मी डोक्यावर लावल्या.

केस कानाखाली आले आणि घरी पंचाईत झाली. आमचं घराणं पूर्वी मेंढरं राखणारं. वडिलांनी शेती धरली होती, पण त्यांचे चुलते, म्हणजे आमचे तात्या, मेंढरांमागं अर्धा जन्म फिरलेले. शनिवारी मी एसटीतून उतरून घरात शिरलो, तर तात्यांनी मला दारातच उभं केलं, मानेमागचे केस दोन बोटांत धरून चोळून बघितले आणि वडिलांना म्हणाले, "ह्याची कातरणी चुकली काय रं?"

वडील म्हणाले, "उद्या न्हाव्याकडं जा."

आता आमच्याकडं गड्यानं केस वाढवायचे म्हटलं तर एकच रस्ता मोकळा असतो. देवाला नवस बोललेला असला की कुणी ब्र काढत नाही. उलट माणसं जरा मान देतात, वाट सोडतात. मी जागच्या जागी म्हणालो, "नवस बोललोय."

आई चुलीपासून उठून आली. "कशाचा रं?"

इथं मला वाटतं माझी बुद्धी उभ्या आयुष्यात चालली नाही इतकी चालली. नवस तर हवा, पण लवकर फिटणारा नको. पास होण्याचा बोललो तर निकाल जूनमध्येच लागणार. म्हैस विण्याचा बोललो तर म्हैस दिवाळीपर्यंत विणार. मला असा नवस पाहिजे होता जो काळ्याच्या केसांपेक्षा जास्त टिकेल. मी म्हणालो, "आक्काचं लगीन जमूस्तवर केस काढणार न्हाय."

आक्का माझी थोरली बहीण. तेव्हा चोविशीत होती, आणि आमच्याकडं तेव्हा चोवीस म्हणजे फार. काही खोट नव्हती तिच्यात, फक्त उंच होती. पावणेसहा फूट. बघायला आलेला मुलगा बसलेला असेपर्यंत सगळं ठीक असायचं. ती पोहे घेऊन यायची, आणि तिला बघून तो उभा राहिला की बैठक संपायची. अशी सात स्थळं उभी राहून निघून गेली होती. आठवं फिरकायची चिन्हं नव्हती. म्हणजे दोन वर्षं तरी माझ्या केसांना धोका नव्हता.

आईनं डोळ्यांना पदर लावला. वडील अंगणात जाऊन उगाचच बैलाला चारा टाकायला लागले. आणि तात्यांनी, ज्यांनी घडीभरापूर्वी मला मेंढरू ठरवलं होतं, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवारी आक्कानं शिकेकाई उकळली, मला परड्यात दगडावर बसवलं आणि माझे केस धुतले. तेव्हापासून मी गावी आलो की रविवारी हा कार्यक्रम ठरलेलाच. धुवायचे, सुकवायचे, खोबरेल चोळायचं आणि गुंता सोडवत बसायचं. एकदा फणी फिरवता फिरवता म्हणाली, "माझ्यापायी कशाला रं एवढं बोललास? कॉलेजात पोरं हसत असतील तुला."

"हसू दे की," मी म्हणालो. आणि मनात पिवळ्याची चाल गुणगुणत बसलो.

बारामतीला खोलीवर येऊन मी हे त्याला सांगितलं. सगळं, अगदी तात्यांच्या नकलेसकट. केवढी अक्कल लढवली हे दाखवायचं होतं ना. तो हसून हसून गादीवर लोळला. त्यानं घरी नुसतंच 'फॅशन हाय' म्हणून सांगितलं होतं आणि रोजच्या शिव्या खात होता. "गड्या, तू जिंकलास," तो म्हणाला. "आता मी किती दिवस टिकणार?"

ह्या वाक्यावर मी वर्षभर निर्धास्त झोपलो.

संक्रांतीच्या आसपास तो माझ्याबरोबर दोन दिवस वरकुट्याला आला. केस रबरानं बांधून, एकदम सोज्वळ. आईनं विचारलं, "तुजा बी नवस का रं?" तर म्हणाला, "व्हय मावशी, मित्राला सोबत म्हणून." आई विरघळली. आक्कानं भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवताना तो तिच्याकडं बघत होता. तसलं बघणं नव्हतं ते. सुतार लाकडाकडं बघतो तसं, डोळ्यानं माप घेत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आपला आणखी एक भाकरी मागत होतो.

पंधरा दिवसांनी, रविवारीच, आमच्या दारात एक जीप थांबली. पुढून माझा मित्र उतरला. मागून त्याचे वडील, दोन वयस्क माणसं, आणि सगळ्यात शेवटी त्याचा चुलतभाऊ. तो उतरतच राहिला. जीपमधून एवढा माणूस निघेल असं वाटत नव्हतं. सहा फूट दोन इंच. घरच्या गाई, दुधाचा जोडधंदा, स्वभावानं इतका गरीब की आमच्या दाराची चौकट डोक्याला लागली तर तोच चौकटीला म्हणाला, "राहू द्या, राहू द्या."

माझे केस ओले होते. आक्का नुकतीच धुऊन आत गेली होती.

पोहे आले. आक्का आली. मुलगा उभा राहिला आणि घरातल्या सगळ्यांनी सवयीनं श्वास रोखला. तो उभाच होता, ती उभीच होती, आणि आक्काला त्याच्याकडं बघायला मान वर करावी लागत होती. माझ्या आठवणीत ती कुणाकडं तरी मान वर करून बघतेय असं पहिल्यांदाच घडत होतं. तात्यांनी तिथंच मांडीवर थाप मारली. "जमलं!"

त्या गलक्यात मी मित्राकडं बघितलं. तो सतरंजीवर मांडी घालून बसला होता, चेहरा देवळातल्यासारखा गंभीर. सगळ्यांची नजर चुकवून त्यानं दोन बोटं वर केली आणि कात्रीसारखी उघडमीट केली.

माझ्या हातातली पोह्याची बशी कलंडली. आई म्हणाली, "बघा, पोराला आनंद आवरंना."

त्याच बैठकीत सुपारी फुटली, आणि सुपारीच्या तुकड्यांबरोबरच तात्यांनी माझाही निकाल लावला. "देवानं ऐकलं. आता देवाला ताटकळत ठेवायचं न्हाय. येत्या रविवारी." मी म्हणालो, लग्न होऊ द्या, मग काढतो. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी उरलेलं वाक्य पोह्यांबरोबर गिळलं. मित्र मध्येच अदबीनं म्हणाला, "तात्या म्हणत्यात ते बराबर हाय. नवस लगीन जमूस्तवरचाच व्हता. मला ह्यानं सोताच सांगितलंय."

रविवारी कुलदेवाच्या देवळापुढं मला पाटावर बसवलं. घरचे सगळे आले होते. दीड वर्षाचे केस, शिकेकाईनं रेशमासारखे झालेले. न्हावी वस्तऱ्याला हात घालण्याआधी ते ओंजळीत धरून म्हणाला, "जपलेत चांगलं." आई रडली, आक्का रडली, आणि मीही रडलो. सगळ्यांना वाटलं, बहीण सासरी जाणार म्हणून.

सोमवारी टपरीवर ठरल्याप्रमाणे उभा राहिलो. डोक्यावर टोपी होती, ती मित्रानं काढायला लावली. दहा-बारा पोरं जमली होती. मी म्हणालो, "काळा मोठा." काकांना ऐकू गेलं नाही म्हणून परत म्हणावं लागलं. मग पाच कॅसेटी पिशवीतून काढून पुढं केल्या. त्यानं वरची उचलली, बघितली आणि परत माझ्या पिशवीत टाकली. "ठेव तुलाच. हिच्यात उचकी हाय." बाकीच्या चार घेतल्या.

इथपर्यंत मी सहन केलं. पैज होती, हरलो. पण त्याच आठवड्यात गुरुवारी मी कॉलेजातून खोलीवर आलो तर आरशासमोर एक परका माणूस भांग पाडत उभा होता. तोच होता. केस बारीक, कानामागं पावडर. लोणी देवकरला एका कारखान्यात माणसं घेणार होते. तिथं मुलाखतीला जायचं म्हणून कापून आला होता.

"आता कापलेस?" मी म्हणालो. "काळ्याचं काय?"

त्यानं फणी ठेवली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून एक इंग्रजी मासिक काढून माझ्या हातात दिलं. पुण्याच्या फुटपाथवरचं, जुनं. मधल्या पानावर दोन फोटो होते. एक माणूस बँकेत पासबुक भरून देणाऱ्यासारखा दिसत होता. दुसऱ्याच्या अंगात चौकड्यांचा ढगळ शर्ट, केस नुकतंच अंग पुसून आल्यासारखे, आखूड. खाली नावं होती. ह्या वेळी अक्षरं साधी होती, त्यामुळं वाचता आली. पिवळा आणि काळा. दोघांनीही कधीच कापले होते. तिकडं आता तसल्या केसांना कुणी विचारत नाही, असं वर लिहिलं होतं.

"तुला कवा घावलं हे?"

"दिवाळीत."

म्हणजे तो आमच्याकडं भाकरी खायला आला त्याच्याही दोन महिने आधी. जीप आणली तेव्हा, बोटांची कात्री केली तेव्हा, टपरीवर टोपी काढायला लावली तेव्हा हे मासिक माझ्या डोक्यापासून चार फुटांवर ट्रंकेत पडलेलं होतं.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू हरायचा बाकी व्हतास की."

हे तो हसून, अगदी प्रेमानं म्हणाला. मी माझी वळकटी बांधली आणि परीक्षेपर्यंतचे दोन महिने वरकुट्याहून एसटीनं ये-जा केली. त्याच्याशी पुढं बोलणं ठेवलं नाही. पण तुटणार तरी कसं? आता तो पाहुणा होता. आक्काच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा. मी टाचा उंचावून त्या गरीब माणसाचा कान असा पिळला की करवल्या ओरडल्या. पिळायचा होता दुसऱ्याचा, तो मांडवात जिलब्या वाढत फिरत होता.

नंतरच्या वर्षांत कार्यक्रमाला भेट व्हायची. 'कसं काय', 'बरं हाय' एवढंच. लोकांना वाटायचं, सोयऱ्यांत असतो तसा अदबीचा दुरावा आहे.

आक्काच्या धाकट्याचं जावळ काढायचं ठरलं तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं म्हणून बायकोला घेऊन वडगावला गेलो. पोरगं मांडीवर घेऊन बसलो, न्हावी समोर बसला, आणि पोरानं टाहो फोडला. तेव्हा माझा तो जुना मित्र मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घाबरू नगं बाळा, मामाला सवय हाय ह्याची!" त्याच्या घरचे हसले. आक्काही हसली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून जावेला सांगितलं, "माझ्यासाठी दीड वर्ष राखलं व्हतं ह्यानं."

परतीच्या एसटीत बायकोनं विचारलं, "कसली सवय म्हणलं ते?"

मग मी तिला सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं. रिळावर ती हसली, शुद्धलेखनाच्या मार्कांवर हसली, पाटाच्या पाण्यावर तर अशी हसली की पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी वळून बघितलं. जीप आल्यावर मी आवाज खाली आणला. पुढं मासिक सांगितलं, ट्रंक सांगितली. शेवटी म्हणालो, "आता तूच सांग. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्यानं माझ्या घरात येऊन, माझ्या आईच्या हातचं खाऊन असा दगा द्यावा? आज एवढी वर्षं झाली तरी मला ते पचत न्हाय."

ती हसत नव्हती. गाडी निमगावच्या पुढं आली होती.

"नवस तुमीच निवडला व्हता न्हवं?"

"व्हय."

"मग आक्कांच्याच लग्नाचा का? दुसरा बोलायचा."

"दुसरा लगेच फिटला असता," मी म्हणालो. "मला दोन वर्षं तरी न फिटणारा पायजे व्हता." आणि म्हणता म्हणताच मी काय म्हणतोय ते मला ऐकू आलं.

तिनं पदर सारखा केला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आक्का दर रविवारी केस धुयाच्या तुमचं. त्यास्नी हे कवा सांगू नका."